गुडघ्याचा नाडा

मराठी माणसाचे गुडघ्याशी काही फारसे बरे नाही, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटते. एखाद्याला अक्कल कमी असली की ती गुडघ्यात असते. लग्नाची घाई झाली की म्हणे गुडघ्याला बाशिंग! हरला की गुडघे टेकले. तीसेक वर्षे वर्गात हे वाक्प्रचार मी फळ्यावर लिहून दिले आणि मुलांनी वाक्यात उपयोग करून आणले. पण वाकलेला गुडघा पुन्हा सरळ कसा होतो, हा प्रश्न ना कुणा मुलाने विचारला, ना आमच्या पाठ्यपुस्तकात होता. मी बी. ए. झालेली, मराठीची बाई. वैद्यकीचा आणि माझा संबंध औषधाच्या गोळ्या वेळेवर घेण्यापुरता. तरीही गेल्या काही वर्षांत या एका विषयावर मी बरेच वाचले, दोन डॉक्टरांना भंडावून सोडले आणि एका फिजिओथेरपिस्ट मुलीचे डोके खाल्ले. कारण माझ्या जवळच्या दोन माणसांचे गुडघे जवळपास सारख्याच दुखण्याने अधू झाले. एकाचा वाचला. दुसऱ्याचा म्हणावा तसा नाही वाचला. आपल्या घरातली, ओळखीची बरीच पोरे संध्याकाळी मैदानावर जातात, तेव्हा हे लिहून ठेवावे असे वाटले.

आधी गुडघ्याचे यंत्र कसे चालते ते सांगते. घाबरू नका मंडळी, सोपे आहे.

ज्यांनी लहानपणी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. बैल ओढतात, नाडा चाकावरून सरकतो आणि मोट वर येते. आपल्या पायातही तसेच आहे. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात, ते बैल. ते चारही खाली एका जाड पट्ट्यात एकत्र येतात आणि तो पट्टा गुडघ्याच्या वाटीला धरतो. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरा पट्टा निघतो आणि नडगीच्या हाडावर पुढे जो उंचवटा हाताला लागतो तिथे घट्ट बसतो. हे दोन्ही पट्टे म्हणजे नाडा आणि मधली वाटी म्हणजे चाक. मांडीचे स्नायू आखडले की नाडा ओढला जातो आणि पाय सरळ होतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या पट्ट्याला पुस्तकात कंडरा म्हणतात, डॉक्टर टेंडन म्हणतात आणि आपल्याकडे सरसकट 'शीर' म्हणून मोकळे होतात. हाडाला हाडाशी बांधतात ते लिगामेंट, ते निराळे. कबड्डी-खोखोच्या पोरांचे जे तुटल्याचे आपण नेहमी ऐकतो ते बहुधा लिगामेंट असते.

आता नाडाच तुटला तर? बैल कितीही ओढोत, मोट जागची हलत नाही. स्नायू ठणठणीत, हाड शाबूत, पण पाय सरळ होत नाही. सगळे दुखणे एवढेच आहे आणि ओळखायची खूणही एवढीच आहे. पण ती अनेकदा नजरेतून निसटते, हे दुर्दैव.

पहिली गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. नाव नको. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे हळदकुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या असे दुकान आहे. तेव्हा वय चव्वेचाळीस, अंगात साखर. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटल्यावर हा रोज संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागला. दोन वर्षांत वजन उतरले, साखर आटोक्यात आली. दर वर्षी कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्या लोकांत तो असायचाच. पंचेचाळीस किलोमीटर, तेही अनवाणी.

एका संध्याकाळी जाळ्यापाशी उडी मारून खाली येताना त्याचा पाय वाकडा टेकला. मांडीत काहीतरी फटकन तुटल्यासारखा आवाज झाला आणि तो बसला तो उठलाच नाही. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. जिथे नेले तिथे फोटो काढला. हाड मोडलेले नव्हते. "मुरगळलंय," असे सांगून क्रेप बँडेज बांधले, गोळ्या दिल्या. सूज उतरली तरी पाय चालेना म्हणून मग कुणीतरी सांगितलेल्या माणसाकडून तेल लावून चोळून घेतले. त्यात सात आठवडे गेले. मी दुकानात गेले तेव्हा हा हाताने मांडी दाबून धरत चालत होता. मला म्हणाला, "बाई, पाय माझाच हाय, पण माझं ऐकंना झालाय."

अखेर सोलापूरला एमआरआय झाला. वाटीच्या वरची कंडरा पूर्ण तुटलेली निघाली. तुटलेले टोक वर मांडीत ओढले जाऊन आखडून बसले होते. ऑपरेशन झाले, पण ताजा नाडा शिवणे वेगळे आणि आखडलेला नाडा लांबवून, दुसरीकडचा तुकडा जोडून शिवणे वेगळे. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की आता पूर्वीसारखा पाय होईलच असे नाही.

दुसरी गोष्ट माझ्या भाच्याची. एसटीत ड्रायव्हर, वय अडतीस. सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलचे क्रिकेट. वर्षभर त्याला वाटीच्या खाली दुखत होते. जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना कळ यायची. खेळायच्या आधी एक गोळी खायचा आणि मैदानात उतरायचा. एका रविवारी झेल घ्यायला त्याने उडी मारण्यासाठी जोर लावला आणि उडी मारायच्या आधीच कोसळला.

त्याचे नशीब असे की आमच्या शाळेचे निवृत्त पीटीचे सर तिथे सामना बघत बसले होते. सरांनी त्याला जमिनीवर उताणे झोपवले आणि एकच गोष्ट सांगितली, "गुडघा न वाकवता टाच जमिनीवरून वर उचल." भाच्याने दात-ओठ खाल्ले. मांडी थरथरली, पण टाच तसूभरही हलली नाही. सरांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. दुखऱ्या पायाची वाटी दुसऱ्यापेक्षा वर चढलेली आणि तिच्या खाली बोट बुडेल असा खळगा. सर म्हणाले, "हे मुरगळणं नव्हे. चोळायचं नाही, चालवायचं नाही." दोन स्टंप आणि दोन टॉवेल घेऊन त्यांनी पाय सरळ बांधला आणि जीपमध्ये आडवा घालून पोराला त्याच रात्री सोलापूरला हाडांच्या डॉक्टरांकडे धाडले. चौथ्या दिवशी ऑपरेशन झाले.

दोघांत फरक काय होता? पैशाचा नव्हता. दोघांनाही घरचे सोने गहाण टाकावे लागले. दवाखान्याच्या अंतराचाही नव्हता. फरक होता तो टाच उचलायला सांगण्याचा. आयुष्यभर मी परीक्षा घेतल्या, पेपर तपासले, पण इतकी छोटी आणि इतकी महत्त्वाची परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. एक प्रश्न, एक मिनिट, उत्तर हो किंवा नाही.

थोडा बारकावा आहे, तोही सांगते. वाटीच्या दोन्ही बाजूंना पातळ पडदे असतात. ते शाबूत राहिले तर काहींना नाडा तुटूनही पाय थोडासा उचलता येतो, पण गुडघा पुरता सरळ होत नाही, वाकलेलाच राहतो. तीही धोक्याचीच खूण. पहिल्या काही तासांनंतर सूज इतकी येते की खळगा हाताला लागत नाही. साध्या फोटोत हाड दिसते, कंडरा दिसत नाही. पण जाणत्या डोळ्याला वाटीची जागा दिसते. खालचा नाडा तुटला तर वाटी वर चढते, वरचा तुटला तर खाली घसरते. शंका असली तर सोनोग्राफी किंवा एमआरआयवर पक्के होते. लिगामेंट तुटलेल्या माणसालाही भयंकर दुखते, गुडघा डळमळतो, पण बहुतेक वेळा त्याला पाय सरळ ठेवून उचलता येतो. म्हणून 'फोटोत काही नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. "पण पाय उचलता का येत नाही?" हे विचारावे. विचारण्यात अपमान कुणाचाच होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जाड नाडा साध्या उडीने तुटतो कसा? मलाही तेच कोडे होते. 1977 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट छापली. वजन उचलण्याच्या स्पर्धेत एका खेळाडूची वाटीखालची कंडरा तुटली, त्याच वेळी तिथे चित्रीकरण चालू होते. त्यावरून त्यांनी गणित मांडले, तर तुटताना कंडरेवर त्याच्या वजनाच्या सुमारे साडेसतरा पट ताण होता! सत्तर किलोच्या माणसाच्या हिशेबाने बारा क्विंटलच्या वर. म्हणजे चांगली कंडरा सहजी तुटत नाही.

मग साध्या ठेचेने तुटते ती कोणाची? जिचे धागे आतून आधीच विरलेले असतात तिची. 1991 साली कानुस आणि योझा या दोघांनी शरीरातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या 891 तुटलेल्या कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत निरोगी अशी एकही सापडली नाही. बहुतेक सगळ्या झिजलेल्या. नाडा एका दिवसात तुटत नाही हो, तो विरत जातो आणि एका दिवशी आपल्याला कळते. वय वाढले की विरतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, गाऊट, संधिवात यांनी विरतो. स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या किंवा कंडरेतच इंजेक्शन टोचले तर कमजोर होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची जी अँटिबायोटिक आपण लघवीच्या जंतुसंसर्गाला घेतो, तिच्यावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2008 साली कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला. तो धोका मुख्यतः टाचेमागच्या कंडरेला आणि म्हाताऱ्या माणसांना. म्हणून ती गोळी घेताना कुठली शीर दुखू लागली तर डॉक्टरांना सांगावे. परस्पर गोळी बंद करू नये, आणि चिठ्ठीशिवाय परस्पर सुरू तर मुळीच करू नये.

साधारण हिशेब असा की चाळिशीच्या आत वाटीखालचा नाडा तुटतो आणि चाळिशीनंतर वाटीवरचा. माझ्या दोन माणसांनी हा हिशेब तंतोतंत पाळला म्हणायचा! बायकांपेक्षा पुरुषांत हे दुखणे अधिक.

मोठ्या माणसांनाही ते चुकलेले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन मार्च 1997 मध्ये फ्लोरिडात एका गोल्फपटूच्या घरी पायऱ्या उतरताना अडखळले आणि त्यांची मांडीची कंडरा फाटली. वय पन्नास. त्याच दिवशी ऑपरेशन झाले आणि आठवड्याभरात ते चाकाच्या खुर्चीतून हेलसिंकीला येल्त्सिन यांना भेटायला गेले. ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो याची वाटीखालची कंडरा आधी 1999 साली फाटली. बरा होऊन एप्रिल 2000 मध्ये रोमला मैदानात उतरला आणि काही मिनिटांतच ती पुरती तुटली. पुष्कळांनी त्याचा खेळ संपला असे लिहिले. 2002 च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. भाचा पाय बांधून पडला होता तेव्हा मी त्याला ही गोष्ट तीन वेळा सांगितली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, मला गोल नाही करायचे गं, मला ब्रेक दाबायचाय." हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. उजवा पाय होता. ब्रेक दाबणे म्हणजे गुडघा सरळ करणेच की!

ऑपरेशनचे मी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवले. तुटलेल्या कंडरेत मजबूत धाग्याने आडवे-उभे अडकवत टाके घालतात. क्रॅको नावाच्या सर्जनने 1986 साली दाखवलेला टाका त्यासाठी फार वापरतात. ओढावा तितका तो घट्ट बसतो. मग वाटीच्या हाडाला उभी बारीक भोके पाडून त्यांतून ते धागे ओवून बांधतात, नाहीतर हाडात छोटे खिळे बसवून त्यांना बांधतात. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे चटकन समजेल. पहिल्या दोनेक आठवड्यांत शिवले तर टोकाला टोक सहज भिडते. उशीर होईल तसे अवघड. कंडरा अर्धवटच फाटली असेल आणि पाय नीट उचलता येत असेल, तर ऑपरेशनाशिवाय काही आठवडे पाय सरळ बांधून ठेवूनही भागते.

पण खरी परीक्षा ऑपरेशननंतर. पायाला सरळ पट्टा, वॉकर. पट्टा बांधून पायावर भार द्यायचा, पण वाकवायचे डॉक्टर सांगतील तेवढेच. आज तीस अंश, काही दिवसांनी साठ, मग नव्वद. घाई केली तर शिवण उसवते आणि आळस केला तर गुडघा लाकूड होतो. भाच्याची मांडी दोन महिन्यांत इतकी बारीक झाली की बहीण पाहून रडली. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र ढिम्म. रोज मोजून व्यायाम. जिन्यासाठी तिने एक सूत्र पाठ करून घेतले, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." सातव्या महिन्यात भाचा पुन्हा गाडीवर गेला. क्रिकेट वर्षभर नाही. आता खेळतो, पण गोळी खाऊन खेळत नाही. दुखले तर त्या दिवशी बसतो.

हे गोळीचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वाटीखालचे दुखणे म्हणजे नाडा सांगत असतो की धागे विरायला लागलेत. गोळीने त्याचे तोंड बंद होते, विरणे थांबत नाही. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. उड्या काही दिवस कमी करायच्या आणि मांडीला सावकाश ताकद द्यायची. खुर्चीवर बसताना धपकन न बसता मनात पाच आकडे मोजत बसणे, तसेच उठणे, पुढे हळूहळू वजन वाढवणे. कंडरेला ताण हवाच असतो, पण मापात आणि सवयीचा. सहा दिवस गादीवर किंवा गाडीत बसायचे आणि सातव्या दिवशी एकदम उड्या, हे तिला सोसत नाही.

दुकानदाराची बायको मला म्हणाली होती, "बाई, या वयात खेळायची गरजच काय होती?" बिचारीचे चूक म्हणवत नाही. तिने काय सोसले ते मला माहीत आहे. पण मला ते पटत नाही. खेळण्यानेच त्याची साखर उतरली होती. आपल्या जिल्ह्याच्या मातीत खोखो आहे. सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्या इथे तुळजापुरातच क्रीडा अधिकारी होत्या. अशा ठिकाणी चाळिशीनंतर माणसाने मैदानाकडे पाठ फिरवावी असे मी कशी म्हणू? खेळा. पण अंग गरम करून खेळा, साखर असेल तर ती तपासत खेळा आणि पडलात तर टाच उचलून बघा. उचलली नाही तर तेल नको, लेप नको, चोळणे नको. पाय सरळ बांधा, बर्फ लावा आणि हाडांच्या डॉक्टरकडे लवकर जा. सरकारी दवाखान्यात किंवा योजनेत काही बसते का, तेही तिथेच विचारा. लाजू नका. सोने गहाण टाकल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता राहिला तो दुकानदार. बाहेरगावच्या लोकांना वाटते देवीचे देऊळ म्हणजे डोंगर चढून जायचे. आपल्याकडे उलटे आहे. महाद्वारातून आत आले की पायऱ्या खाली उतरतात, कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ आणि मग पुढे निंबाळकर दरवाजातून आणखी खाली. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघा लागतो. उतरताना सगळे अंग मांडीच्या नाड्यावर तोललेले असते. ऑपरेशननंतर पहिले वर्षभर हा महाद्वाराशी उभा राहून वरूनच हात जोडायचा. ज्याचे घर देवीच्या दारात, ज्याने इतक्या पौर्णिमा अनवाणी चालून काढल्या, त्याला पन्नास-साठ पावलांवरचे दर्शन दुरावले होते. तो कुणाला दोष देत नव्हता. मला मात्र ते बघवत नव्हते.

भाच्याच्या त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला मी त्याच्याकडे घेऊन गेले. ती म्हणाली, पूर्ण सुधारणा होणार नाही, पण आहे त्या ताकदीत बरेच करता येईल. दोन वर्षे झाली, अजून तो रोज व्यायाम करतो. शेवटचे दहा-पंधरा अंश पाय सरळ होत नाही, तो होणारही नाही. पण आठवड्यातून एकदा, पहाटे गर्दी नसताना, एक हात भिंतीला आणि एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवून तो खाली उतरतो. दुखरा पाय आधी. एक पायरी, थांबायचे, मग दुसरी. वर यायला त्याला भिंतही लागत नाही म्हणतो.

कोजागिरीला सोलापूरहून आता त्याचा मुलगा चालत येतो. निघण्याआधी बाप त्याला आडवा झोपवून दोन्ही टाचा उचलायला लावतो. मुलगा हसतो, पण उचलतो.